तारेला परवाना, गारव्याला नाही

डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या बातमीत निफाडचं नाव ठरलेलं असतं. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरचा पारा राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि त्या पहाटे गोदावरीकाठच्या सायखेडा, चांदोरी, भेंडाळी, करंजगाव भागातल्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. कोणी पाचट जाळतं, कोणी छाटणीच्या काड्या. कोणी पहाटेच ठिबक सुरू करतं, कारण विहिरीतून उपसलेलं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं. थंडी फार उतरली की मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानातली तफावत वाढली तर हिरव्या मालावर गुलाबी छटा चढते. हा ‘पिंक बेरी’चा माल निर्यातीतून बाद होतो.

पुढच्या काही आठवड्यांत त्याच बागेत उलटी लगबग सुरू होते. काढलेल्या घडात बागेतली उष्णता साठलेली असते. देठ वाळायला लागण्याआधी, म्हणजे काढणीनंतरच्या सहा-आठ तासांत, ती बाहेर काढून माल दोन-चार अंशांपर्यंत आणायचा आणि पुढे शून्याच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत, जहाज युरोपच्या बंदराला लागेपर्यंत तसाच ठेवायचा. पहाटेची ऊब शेतकरी स्वतःच्या हाताने करतो. दुपारचा गारवा मात्र त्याला विकत घ्यावा लागतो. प्री-कूलिंगची खोली बांधणारा ठेकेदार, कॉम्प्रेसर बसवणारा, हंगामात मध्यरात्री ‘खोली उतरत नाही’ असा फोन गेला की मोटारसायकलवर येणारा मेकॅनिक, या सगळ्यांच्या हातात वर्षभराची मेहनत असते. या लेखाचा प्रश्न एवढाच आहे: या हातांची पारख कोण करतं, आणि ती न झाल्याची किंमत कोण भरतं?

सायखेड्याच्या बाजारपेठेत परवान्यांना तोटा नाही. पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांदा घ्यायचा तर व्यापाऱ्याला समितीचं लायसन्स लागतं. इलेक्ट्रॉनिक तोलकाट्याला वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो. कृषी सेवा केंद्राला खतांचा, बियाण्यांचा आणि कीटकनाशकांचा असे तीन वेगळे परवाने, आणि कीटकनाशकांसाठी तर दुकानदाराच्या शिक्षणाचीही अट. गावात वायरिंग करणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना असावा, त्याच्यावर पर्यवेक्षक असावा आणि काम घेणारा ठेकेदार राज्याच्या विद्युत अनुज्ञापक मंडळाकडे नोंदलेला असावा, हेही कायद्यात आहे. एसी किंवा कोल्ड रूम बसवणाऱ्यासाठी मात्र असा कोणताच परवाना भारतात नाही. दुकान टाकायचं तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो. पण त्या दोन्ही कागदांवरून एवढंच कळतं की माणूस धंदा करतो. त्याला काम येतं का, हे कळत नाही.

विजेचा कायदा या कामाला जिथे शिवतो ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमापासून एक तरतूद चालत आली आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत ती टिकली: कोणतंही विद्युत संचमांडणीचं काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं. त्याला अपवाद दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्याचा, तोही मूळ भार आणि स्वरूप बदलत नसेल तर. म्हणजे जुना एसी काढून तेवढ्याच क्षमतेचा नवा लावला तर तो या चौकटीबाहेर राहतो. नवी लाइन ओढली, एमसीबी वाढवला, भार वाढला, तर परवानाधारक माणूस हवा. प्री-कूलिंगचं थ्री-फेज पॅनेल तर निःसंशय या नियमात येतं. पण नियमाची नजर पॅनेलपाशी थांबते. पॅनेलच्या पुढे तांब्याचा पाइप, त्यातला वायू, तो कोंडणारे सांधे, उष्णता अडवणाऱ्या ‘पफ’ पॅनेलच्या भिंती आणि दाराची रबरं सुरू होतात. गारवा तिथे तयार होतो आणि तिथेच गळतो.

एके काळी सरकार गारव्याला परवाना देत असे, पण तो इमारतीला. अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली १९६४ मध्ये शीतगृह आदेश निघाला, १९८० मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली आणि शीतगृह चालवायला लायसन्स लागू लागलं. १९९७ मध्ये तो आदेश रद्द झाला. उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, पंजाबसारख्या बटाट्याच्या राज्यांनी आपापले कायदे ठेवले. महाराष्ट्रात परवान्याची ती अट गेली. तोवर नाशिकची द्राक्षं परदेशी निघाली होती. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही द्राक्ष निर्यात करणारी संस्था उभी राहिली, तिच्या सभासद सहकारी संस्थांनी स्वतःची प्री-कूलिंग केंद्रं आणि शीतगृहं बांधली. परवाना जाणं उद्योगाला मोकळं करणारं होतं, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार याची आहे की इमारतीवरचा कागद गेला तेव्हा कामगाराच्या कौशल्यावरचा कागद त्या जागी आला नाही.

आता खर्चाकडे येऊ, कारण कौशल्याची किंमत सगळ्यात आधी तिथे दिसते.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा टन क्षमतेच्या प्री-कूलिंग युनिटला २५ लाख रुपयांचा खर्च मापदंड धरला होता आणि ३० टनांच्या कोल्ड रूमला १५ लाखांचा. सर्वसाधारण क्षेत्रात त्यावर ३५ टक्के अनुदान, म्हणजे पावणेनऊ लाख आणि सव्वापाच लाख. तेही बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आणि काम झाल्यावर मिळणारं. पुढे मापदंड वाढले, पण त्यांतली मूळ गोष्ट तशीच आहे. सहा टनांची खोली तीस टनांच्या खोलीपेक्षा महाग का? पहिल्यांदा कोटेशन हातात घेणारा प्रत्येक बागायतदार इथे अडखळतो, आणि कच्चा ठेकेदार नेमका याच जागी त्याला बुडवतो.

हिशेब करून पाहू. सहा टन द्राक्षं २८ अंशांवर खोलीत आली आणि सहा तासांत २ अंशांपर्यंत उतरवायची आहेत. एक किलो द्राक्षं एक अंशाने गार करायला साधारण ३.६५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सहा हजार किलो, २६ अंशांचा फरक: सुमारे ५ लाख ७० हजार किलोज्यूल. सहा तासांवर वाटले तर २६ किलोवॅटच्या थोडे वर, यंत्राच्या भाषेत साडेसात टन प्रशीतन. ही फक्त फळांची उष्णता झाली. क्रेट गरम असतात, पंखे स्वतः उष्णता सोडतात, दार उघडत राहतं, आणि पहिल्या दोन तासांत माल सगळ्यात जास्त उष्णता टाकतो. म्हणून यंत्र निदान दीडपट घ्यावं लागतं. उलट, आधीच गार झालेला तीस टन माल शून्याला नुसता सांभाळायचा असेल तर श्वसनाची उष्णता अगदी थोडी, भिंतीतून येणारी आणि दाराची तेवढी सांभाळायची. खोली मोठी असूनही यंत्र छोटं चालतं.

कच्चा ठेकेदार हा हिशेब करत नाही. तो खोलीची लांबी-रुंदी मोजतो आणि त्या मापाचं यंत्र सांगतो. रिकामी खोली चालू करून दाखवतो, काटा दोन अंशांवर येतो, हात मिळवतो. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापल्यावर सहा टन माल आत गेला की तीच खोली बारा-चौदा तास ‘उतरत’ बसते. तोवर देठ तपकिरी झालेले असतात. अर्धवट गार झालेला माल पेटीत भरला की आत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने ग्रेप गार्डच्या कागदातला सल्फर डायऑक्साइड एकदम बाहेर पडतो आणि मण्यांवर पांढरे डाग येतात. ते दिसतात पेटी परदेशात उघडल्यावर. दोष औषधाला लागतो, वाणाला लागतो, शिपिंग कंपनीला लागतो. खोली बांधणाऱ्यापर्यंत तो क्वचित पोचतो.

यंत्र पुरेसं असलं तरी बचतीच्या दुसऱ्या जागा उरतात. पफ पॅनेलची जाडी: शून्याच्या आसपासच्या खोलीला ८० ते १०० मिलिमीटरचं पॅनेल हवं, तिथे ६० चं बसवून काही लाखांची कोटेशनं ‘स्पर्धात्मक’ होतात. जमिनीखालचं इन्सुलेशन: फरशी टाकल्यावर ते दिसत नाही, म्हणून ते आधी गळतं. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाने २०१० मध्ये शीतगृहांची तांत्रिक मानकं काढली आहेत, त्यांत या सगळ्याची मापं आहेत. अनुदानाची फाइल त्या मानकांवरच तपासली जाते. पण फाइल नसलेल्या, स्वतःच्या पैशाने खोली बांधणाऱ्या माणसाकडे ती मानकं कोणी घेऊन जात नाही.

विजेचंही असंच. महावितरणच्या दरपत्रकात शेतमालाची प्री-कूलिंग केंद्रं आणि शीतगृहं ‘शेती – इतर’ या वर्गात बसतात. जोडणी करताना हे लक्षात ठेवलं नाही आणि व्यापारी दर लागला तर दर महिन्याला भुर्दंड. दुसरीकडे, नाव शेतीचं असलं तरी शेतीपंपांच्या फीडरवर ही खोली चालत नाही, कारण त्या फीडरला थ्री-फेज पुरवठा दिवसातले ठरलेले तासच मिळतो आणि फळाला चोवीस तास गारवा लागतो. म्हणून वेगळी लाइन आणि जनरेटर. मळ्यातल्या वस्तीपासून गावठाणाच्या लाइनीपर्यंतचं अंतर किती, यावर प्रकल्पाचा खर्च लाखांनी हलतो. चांगला ठेकेदार पॅनेलचं कोटेशन देण्याआधी खांब मोजतो.

आणि गोदावरी. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत सायखेडा-चांदोरीने पाणी घरादारांत, दुकानांत घेतलं. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, वर गंगापूर-दारणा धरणांचे विसर्ग, यांच्यामध्ये हा पट्टा आहे. बाहेरचं युनिट जमिनीवर विटांच्या दोन थरांवर ठेवायची नाशिक शहरातली रीत इथे चालत नाही. पुराच्या खुणेच्या वर लोखंडी चौकट करून कंडेन्सर बसवायला थोडे हजार रुपये जास्त लागतात. बाहेरून आलेला ठेकेदार ती खूण पाहत नाही, इथला पाहतो. स्थानिक माणसाला काम देण्याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

घरातला एसी हा यातला छोटा भाग, पण मेकॅनिकचं वर्षाचं पोट त्यावरच चालतं. इकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून एप्रिल-मे बऱ्याच घरांत कूलरवर निघतो आणि ते शहाणपणाचंच आहे. तरी बंगल्यांत, दवाखान्यांत, सराफांकडे एसी वाढले. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३० हजारांच्या यंत्रामागे तीन हजार वाचले. हे वाचलेले पैसे कशावर घालायचे ते दुकानात कोणी सांगत नाही. बसवण्याचे साधारण दीड-दोन हजार, सोबत येणाऱ्या पाइपापेक्षा जास्त लागला तर फुटामागे वेगळे, स्टँडचे वेगळे, व्होल्टेजच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर वेगळा. गिऱ्हाईक घासाघीस करतं ती नेमकी बसवण्याच्या पैशांत. तिथले पाचशे रुपये कमी केले की मेकॅनिक अर्धा तास कमी करतो.

तो अर्धा तास जातो व्हॅक्यूमचा. पाइप जोडल्यावर आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती पाहायची, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, आणि मगच वायू सोडायचा. ही पद्धत टाळून थोडा वायू सोडून हवा ‘ढकलून’ देणारे बरेच आहेत. यंत्र त्याच दिवशी गार हवा देतं, म्हणून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल करते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर खाते. मग दरवर्षी एक वाक्य ऐकू येतं: ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ बंद नळीतला वायू वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. गळती न शोधता वायू भरणं म्हणजे दरवर्षी अडीच-तीन हजार हवेत सोडणं. कोणी नायट्रोजन हाताशी नाही म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरने दाब देतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. त्यात माणूस मरतो, आणि मरणारा मेकॅनिक असतो, बहुधा विशीतला मदतनीस.

धोका आता वाढला आहे. ओझोनला मारक वायूंचे २००० चे नियम, त्यानंतर २०१० पासून आर-१२ सारख्या वायूंची बंदी, मग आर-२२ ची पायरीपायरीने माघार. २०२५ पासून नव्या यंत्रांत आर-२२ भरणं थांबलं. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि काही यंत्रांतला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. मोठ्या शीतगृहांत अमोनिया, जो फुप्फुसं जाळतो. पंधरा वर्षांपूर्वी उस्तादाच्या हाताखाली आर-२२ वर शिकलेला माणूस आज ज्योत पेटवून आर-२९० च्या यंत्राचा सांधा जोडतो, तेव्हा त्याला कोणी शिकवलं, हा प्रश्न कागदी राहत नाही.

शिकवण्याची सोय देशात नाही असं नाही. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअरकंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. केंद्र सरकारच्या ओझोन कक्षातर्फे काम करणाऱ्या मेकॅनिकांसाठी मोफत प्रशिक्षण वर्ग होतात. मार्च २०१९ च्या भारत शीतलन कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञ प्रशिक्षित करून प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. पण प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते नसल्याने कोणाचं काम अडत नाही, असल्याने दर वाढत नाही. अशा कागदासाठी सायखेड्याचा मेकॅनिक हंगामात आठवडाभर दुकान बंद ठेवून शहरात जाईल, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मग अमेरिकेसारखा परवाना आणायचा का? तिथे १९९४ पासून प्रशीतक वायू हाताळणाऱ्या प्रत्येकाला पर्यावरण संस्थेने मान्य केलेली परीक्षा द्यावी लागते, आणि अनेक राज्यांत त्यावर ठेकेदाराचा वेगळा परवाना. टेक्सासमध्ये त्यासाठी परवानाधारकाच्या हाताखाली चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि विमा लागतो. २५ टनांपर्यंतच्या यंत्रांना एक वर्ग, त्यापुढे दुसरा. त्यामुळे काम नीट होतं आणि ते फार महागही होतं. आपल्याकडे तोच नियम उद्या लागू केला तर शहरातल्या कंपन्या एका दिवसात परवाने घेतील. शाळा अर्धवट सोडून हाताने धंदा शिकलेला, मध्यरात्री फोन उचलणारा माणूस बेकायदा ठरेल. त्याच्याशिवाय निफाडची एक खोली चालत नाही. परीक्षा हवी, कुंपण नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

नमुना शोधायला टेक्सासला जावं लागत नाही, तो सायखेड्याच्या बाजारपेठेतच आहे. कृषी सेवा केंद्रांच्या दुकानदारांना शिक्षणाची अट आली तेव्हा वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यासाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ पासून चालवलेला ‘देसी’ पदविका अभ्यासक्रम तयार होता: ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, ४० वर्ग आणि ८ शिवारभेटी. दुकान बंद न ठेवता, तालुक्याच्या आसपास. जन्मभर औषधं विकलेल्या दुकानदारांनी वही घेऊन बाकावर बसून ती पदविका घेतली. प्रशीतनाच्या मेकॅनिकांसाठी असाच वर्ग चालवता येईल. प्रात्यक्षिकाला नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप लागेल, आर-३२ व आर-२९० ची यंत्रं लागतील, उष्णताभाराचा हिशेब मराठीत शिकवावा लागेल. शिवारभेटी पॅकहाउसमध्ये होतील, आणि वर्ग पावसाळ्यात घ्यावे लागतील, कारण त्या महिन्यांत या माणसांना काम कमी असतं. पैसा नवा लागत नाही. प्री-कूलिंगच्या अनुदानासाठी ‘काम प्रमाणित तंत्रज्ञाने केले’ एवढी एक ओळ जोडली तरी त्या कागदाला बाजारात किंमत येईल.

ते होईपर्यंत पारख बागायतदारालाच करावी लागणार. गोड्या बहाराच्या छाटण्या उरकलेल्या किंवा उरकत आलेल्या असतात तेव्हा खोल्या रिकाम्या असतात. दुरुस्ती आणि नव्या कामाचे सौदे तेव्हाच ठरतात. कोटेशनमध्ये उष्णताभाराचा हिशेब लेखी मागा: किती माल, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत, किती तासांत. पॅनेलची जाडी आणि घनता लिहून घ्या. फरशी ओतण्याआधी खालचं इन्सुलेशन डोळ्यांनी पाहा, फोटो काढा. नायट्रोजनचा दाब रात्रभर टिकला का, ते सकाळी काट्यावर वाचा. थ्री-फेज कामाच्या बिलावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा क्रमांक हवा, कारण अपघात झाला तर विमा कंपनी आणि विद्युत निरीक्षक आधी तोच विचारतात. आणि शेवटचे दहा टक्के पैसे रिकाम्या खोलीच्या चाचणीवर देऊ नका. फेब्रुवारीतल्या एखाद्या तापलेल्या दुपारी खोली पूर्ण भरा, घडाच्या मधोमध असलेल्या मण्यात तापमापीची सुई घाला, आणि ठरलेल्या तासांत काटा दोन अंशांवर आला की त्याच दिवशी ते पैसे द्या. पुढच्या वर्षाचा देखभालीचा करारही त्याच मेकॅनिकशी करा, त्याने सांगितलेला दर न पाडता.